केंटकीची घटनादुरुस्ती: तारीख हलवली तर पहिलं बजेट कोणाचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आम्ही बरीच वर्षं अमेरिकेतल्या केंटकी राज्यात लुईव्हिलला राहतो, अलीकडेच नागरिक झालो. केंटकीत गव्हर्नरची, म्हणजे राज्याच्या कार्यकारी प्रमुखाची, निवडणूक विषम वर्षी होते. ती राष्ट्राध्यक्षांच्या निवडणुकीबरोबर घ्यावी आणि ट्रेझरर (राज्याचा खजिनदार) यासारखी जुनी पदं रद्द करावीत, अशी चर्चा अधूनमधून ऐकू येते. खर्च वाचेल, मतदान वाढेल, मग विरोध का होतो? आणि उद्या मतपत्रिकेवर असा प्रस्ताव आला तर त्यात नेमकं काय वाचायचं?"

निवडणूक कायदा आणि राज्यघटनांचे मसुदे हेच माझं बावीस वर्षांचं काम आहे, आणि या विषयात केंटकीइतकं शिकवणारं राज्य मी दुसरं पाहिलं नाही. माझं उत्तर आधीच सांगतो. पदं कमी करायला माझी हरकत नाही. तारीख हलवायलाही तत्त्वतः नाही. पण बजेटचं चक्र जागेवर ठेवून नुसती तारीख हलवणाऱ्या दुरुस्तीला मी मत देणार नाही. का, ते नीट समजायचं तर ही पदं आणि ही तारीख आली कुठून ते आधी पाहावं लागेल.

केंटकीची आजची राज्यघटना १८९१ ची, राज्याची चौथी. ती लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर एक ताजी जखम होती. जेम्स टेट नावाचा राज्याचा ट्रेझरर १८६७ पासून पुन्हापुन्हा निवडून येत होता. लोक त्याला कौतुकानं 'ऑनेस्ट डिक' म्हणत. १८८८ च्या मार्चमध्ये हा माणूस सरकारी तिजोरीतले जवळपास अडीच लाख डॉलर घेऊन पसार झाला आणि परत कधी सापडला नाही. दोनच वर्षांनी घटना परिषद बसली. तिनं ठरवलं की राज्यपातळीवरच्या अधिकाऱ्याला लागोपाठ दुसऱ्यांदा त्याच पदावर बसता येणार नाही. गव्हर्नरला ही बंदी १७९९ च्या घटनेपासून होतीच, आता ती बाकीच्यांनाही लागली. शिवाय एकाच्या हाती सगळं नको म्हणून अनेक पदं थेट लोकांनी निवडायची: गव्हर्नर, लेफ्टनंट गव्हर्नर (उपगव्हर्नर), अॅटर्नी जनरल (राज्याचा मुख्य वकील), सेक्रेटरी ऑफ स्टेट (निवडणुका आणि सरकारी नोंदी पाहणारा), ऑडिटर (हिशेब तपासनीस), ट्रेझरर, कृषी आयुक्त, शिक्षण अधीक्षक, वर रेल्वे आयुक्त.

आपल्याकडच्या वाचकाला हे विचित्र वाटतं, कारण आपण मुख्यमंत्री आणि त्यांनी निवडलेलं मंत्रिमंडळ पाहत मोठे झालो. इथे गव्हर्नरचे हे 'सहकारी' त्यानं निवडलेले नसतात. ते त्याच्या पक्षाचेही असतील असं नाही. २०२३ मध्ये केंटकीच्या मतदारांनी डेमोक्रॅट अँडी बेशियर यांना गव्हर्नर केलं आणि त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर अॅटर्नी जनरलपासून कृषी आयुक्तापर्यंत बाकी सगळे रिपब्लिकन निवडले. याच राज्यानं २०२० मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी ट्रम्प यांना सुमारे ६२ टक्के मतं दिली होती. हा आकडा लक्षात ठेवा, तारखेच्या मुद्द्यावर तो पुन्हा लागेल.

विषम वर्षाचं मूळही १८९१ च्या घटनेतच आहे. कलम ९५ म्हणतं, या अधिकाऱ्यांची निवडणूक १८९५ च्या नोव्हेंबरमध्ये आणि नंतर दर चार वर्षांनी. म्हणजे १९९१, १९९५, २०१९, २०२३. मिसिसिपी आणि लुइझियाना याच वर्षी गव्हर्नर निवडतात, व्हर्जिनिया आणि न्यू जर्सी राष्ट्राध्यक्षांच्या निवडणुकीनंतरच्या वर्षी. बाकी पंचेचाळीस राज्यं सम वर्षात गेली आहेत. वर्ष असं घटनेत छापलेलं असल्यामुळे विधिमंडळाला साध्या कायद्यानं ते बदलता येत नाही. आणि हे बरंच आहे. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षं कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. निवडणुकीची तारीख कागदावर पक्की नसली की काय होतं, ते त्या काळात मुंबईत राहिलेल्या कोणालाही विचारा.

आता १९९२ ची दुरुस्ती. तुमच्या प्रश्नाची निम्मी उत्तरं तिच्यात आहेत. पण ती का झाली हे कळायला लेफ्टनंट गव्हर्नरच्या दोन गोष्टी सांगायलाच हव्यात.

जुन्या घटनेत गव्हर्नर राज्याबाहेर गेला की लेफ्टनंट गव्हर्नर आपोआप कार्यवाहक गव्हर्नर होई. १९३५ मध्ये गव्हर्नर रूबी लफून वॉशिंग्टनला गेले. लेफ्टनंट गव्हर्नर होते 'हॅपी' चँडलर, त्यांचे कट्टर विरोधक. लफून यांना पक्षाचा पुढचा उमेदवार पक्षाच्या अधिवेशनातून ठरवायचा होता, चँडलर यांना सक्तीची प्रायमरी, म्हणजे मतदारांनीच पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, हवी होती. लफून राज्याच्या हद्दीबाहेर पडताच चँडलर यांनी विधिमंडळाचं खास अधिवेशन बोलावलं. लफून धावत परतले, आदेश मागे घेण्याचा प्रयत्न केला, पण न्यायालयानं तो मान्य केला नाही. प्रायमरीचा कायदा झाला आणि त्याच वर्षी चँडलर स्वतः गव्हर्नर झाले.

दुसरी गोष्ट १९७८ ची. स्त्री-पुरुष समान हक्कांच्या संघीय दुरुस्तीला केंटकीनं आधी दिलेली मान्यता विधिमंडळानं मागे घेतली. गव्हर्नर ज्युलियन कॅरोल बाहेरगावी होते. लेफ्टनंट गव्हर्नर थेल्मा स्टोव्हॉल यांनी तो ठराव व्हेटो केला. त्याच वर्षी कॅरोल पुन्हा बाहेर असताना स्टोव्हॉल यांनी करकपातीसाठी खास अधिवेशनही बोलावलं. त्यातून मालमत्ता कराच्या वाढीला लगाम घालणारा कायदा झाला, तो आजही तुमच्या घराच्या करपावतीमागे उभा आहे.

स्टोव्हॉल यांनी जे केलं त्यातलं बरंचसं मला पटतं. तरीही ती व्यवस्था वाईटच होती. गव्हर्नरनं विमानात बसण्याआधी 'मागे राहणारा माणूस आज काय करेल' याचा विचार करावा लागणं म्हणजे लोकांनी निवडलेल्या माणसाला राज्याच्या हद्दीत कोंडून ठेवणं.

१९९२ च्या दुरुस्तीनं एका मतात बरंच काही बदललं. गव्हर्नर आणि लेफ्टनंट गव्हर्नर आता जोडीनं निवडले जातात. गव्हर्नर बाहेरगावी गेल्यानं अधिकार हलत नाहीत. लेफ्टनंट गव्हर्नर सिनेटचं अध्यक्षपद भूषवत नाही, सिनेट आपला अध्यक्ष स्वतः निवडते. गव्हर्नर आणि इतर राज्य अधिकाऱ्यांना लागोपाठ दोन कार्यकाळ मिळू शकतात. शिक्षण अधीक्षकाचं निवडून येणारं पद गेलं. आणि चारपैकी एक वर्ष निवडणुकीविना मोकळं झालं, म्हणजे १९९७, २००१ असं करत करत २०२१, २०२५.

यातलं प्रत्येक वाक्य मागच्या अपयशातून शिकून लिहिलेलं आहे. गव्हर्नरला दुसरी टर्म देण्याचा प्रस्ताव १९८१ मध्ये मतदारांनी फेटाळला होता, तेव्हा जॉन ब्राउन ज्युनियर गव्हर्नर होते आणि फायदा त्यांनाच होणार होता. १९८७ नंतर वॉलेस विल्किन्सन यांनी स्वतःसाठी तोच खटाटोप केला, विधिमंडळानं दाद दिली नाही. १९९२ च्या मजकुरात पदावर असलेल्या गव्हर्नर ब्रेरेटन जोन्स यांना आणि बाकीच्या अधिकाऱ्यांना वगळलं, सवलत १९९५ मध्ये निवडून येणाऱ्यांपासून. आणि लोकांनी होकार दिला. पहिला लाभ पॉल पॅटन यांना झाला. १९९९ मध्ये ते पुन्हा निवडून आले, आणि सन १८०० मधल्या जेम्स गॅरार्ड यांच्यानंतर लागोपाठ दुसऱ्यांदा गव्हर्नर होणारे पहिले ठरले. मतदाराला सुधारणा नको नसते. 'हे याच्यासाठी चाललंय' असा वास आला की तो बिथरतो.

शिक्षण अधीक्षकाचं पद रद्द करण्याची पद्धतही बघण्यासारखी आहे. १९८९ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टानं सगळी शालेय व्यवस्थाच घटनाबाह्य ठरवली. १९९० च्या शिक्षण सुधारणा कायद्यानं नेमलेला शिक्षण आयुक्त आणला आणि अधीक्षकाचं काम त्याच्याकडे गेलं. घटनेतलं पद मात्र रिकाम्या खोक्यासारखं उरलं, ते १९९२ मध्ये काढलं. म्हणजे आधी काम हललं, मग खुर्ची गेली. रेल्वे आयोग २००० च्या दुरुस्तीनं गेला, त्याचंही काम तोवर फारसं उरलं नव्हतं. क्रम उलटा केला की घोळ होतो. एका राज्यासाठी मी तपासलेल्या मसुद्यात पद घटनेतून काढलं होतं, पण त्या अधिकाऱ्याला पदसिद्ध सदस्यत्व देणारे कायदे तसेच होते. निवृत्तिवेतन मंडळापासून ते जमिनीच्या व्यवहारापर्यंत अकरा जागी त्याचं नाव, आणि त्यातल्या दोन ठिकाणी त्याच्या सहीशिवाय पैसे सुटत नव्हते. तो मसुदा परत गेला, पण वेळेत लक्षात आलं हा नशिबाचा भाग.

मग ट्रेझररचं पद ठेवायचं की काढायचं? टेक्सासनं १९९५ मध्ये घटनादुरुस्ती करून ट्रेझरर रद्द केला आणि काम कंट्रोलरकडे (मुख्य लेखाधिकाऱ्याकडे) दिलं. मिनेसोटानं १९९८ मध्ये तसंच ठरवलं, २००३ पासून ते पद नाही. फ्लोरिडानं १९९८ मध्ये निवडून येणारी सहा जणांची कॅबिनेट तिघांवर आणली आणि कंट्रोलर व ट्रेझरर मिळून एक मुख्य वित्त अधिकारी केला. तिथे आभाळ कोसळलं नाही. केंटकीच्या ट्रेझररकडे आज मुख्यतः सरकारी देणी चुकती करणं आणि लोकांची बेवारस राहिलेली ठेव सांभाळून परत करणं ही कामं आहेत. ती दुसऱ्या कार्यालयातून होऊ शकतात. माझी अट एकच: ती ऑडिटरकडे जाऊ नयेत. पैसे देणारा आणि हिशेब तपासणारा हात एक झाला तर टेटच्या काळात जे घडलं त्याला पुन्हा दार उघडतं. 'ट्रेझरर आणि ऑडिटर एकत्र करा' हे सुटसुटीत वाटतं म्हणून वारंवार सुचवलं जातं, आणि दर वेळी मला तितकंच चूक वाटतं.

अॅटर्नी जनरलचं पद मात्र स्वतंत्रपणे निवडूनच यावं. २०१८ मध्ये गव्हर्नर मॅट बेव्हिन यांच्या काळात झालेला निवृत्तिवेतनाचा कायदा तेव्हाचे अॅटर्नी जनरल अँडी बेशियर यांनी कोर्टात नेला. सांडपाण्याच्या विधेयकात घुसवलेला तो कायदा घटनेनं सांगितलेली तीन वाचनं न करता मंजूर झाला म्हणून सुप्रीम कोर्टानं एकमतानं रद्द केला. हे बेशियर पुढे बेव्हिन यांना हरवून गव्हर्नर झाले, म्हणून काही जण याला राजकारण म्हणतात. असेलही. पण नेमलेला अॅटर्नी जनरल आपल्या गव्हर्नरनं सही केलेल्या कायद्याविरुद्ध कोर्टात गेला नसता, आणि शिक्षकांच्या पेन्शनचा प्रश्न कोर्टासमोर आणण्याचं ओझं एकट्या शिक्षकांवर पडलं असतं.

आणखी एक बारकावा. घटनेत पद आहे म्हणून त्याला अधिकार आहेत असं नाही. कलम ९३ नुसार या अधिकाऱ्यांची बरीचशी कर्तव्यं कायदा ठरवतो. गव्हर्नर ब्राउन यांनी कृषी आयुक्तांची काही कामं स्वतःच्या आदेशानं आपल्या खात्याकडे वळवली, तेव्हा १९८२ च्या ब्राउन विरुद्ध बार्कले खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हे गव्हर्नरला करता येत नाही, विधिमंडळाला येतं. म्हणून पदांची संख्या मोजत बसू नका. कोणाचं काम कोण काढून घेऊ शकतं, ते पाहा.

आता तारीख. हा भाग मी जरा सावकाश लिहितो, कारण चर्चेत नेमका तोच घाईनं उरकला जातो.

तारीख हलवण्याच्या बाजूचे मुद्दे खरे आहेत. राज्यात १२० काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग) आहेत, प्रत्येक निवडणुकीचा भार त्यांच्या क्लार्क कार्यालयांवर पडतो, आणि गव्हर्नरची निवडणूक हलली तर चार वर्षांत मेमधली प्रायमरी आणि नोव्हेंबरची निवडणूक अशा दोन फेऱ्या वाचतात. मतदानही वाढेल: २०१५ मध्ये ते सुमारे ३१ टक्के होतं, २०२३ मध्ये ३८ च्या आसपास, तर २०२० च्या राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीत ६० च्या जवळ. एवढा फरक कोणी झटकून टाकू नये. कमी लोकांनी निवडलेला गव्हर्नर चांगला, असं म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी नाही.

पण आता वरचा ६२ टक्क्यांचा आकडा आठवा. केंटकीत एका खुणेनं सगळ्या पदांसाठी एकाच पक्षाला मत देण्याची सोय आजही आहे. राष्ट्राध्यक्षांच्या वर्षी ती खूण वॉशिंग्टनकडे पाहून केली जाईल, आणि कोळसा खाणींच्या गावातला पाणीपुरवठा, शाळा, पूर असे प्रश्न त्यात बुडतील. अशा एकगठ्ठा मतांचा फायदा आज एका पक्षाला होईल, उद्या दुसऱ्याला. म्हणून प्रत्येक प्रस्ताव त्या घटकेच्या पक्षीय हिशेबानं पाहिला जातो आणि अडकतो.

माझा मुख्य आक्षेप मात्र बजेटचा आहे. केंटकीचं बजेट दोन वर्षांचं असतं. सम वर्षातल्या साठ दिवसांच्या अधिवेशनात ते मंजूर होतं आणि एक जुलैला लागू होतं. गव्हर्नर निवडणुकीनंतरच्या पाचव्या मंगळवारी, म्हणजे डिसेंबरात, शपथ घेतो. आजच्या वेळापत्रकात २०२३ च्या नोव्हेंबरात निवडून आलेला गव्हर्नर २०२४ च्या जानेवारीत आपलं बजेट मांडतो. तयारीला फार थोडे आठवडे मिळतात ही अडचण आहे, पण राज्य आपल्या म्हणण्याप्रमाणे चालवायला त्याला सात महिन्यांत सुरुवात करता येते. आता निवडणूक २०२८ च्या नोव्हेंबरात नेऊन बघा. तो डिसेंबरात येईल, तोपर्यंत २०२८ ते २०३० चं बजेट आधीच्या गव्हर्नरच्या काळात मंजूर होऊन लागूही झालेलं असेल. समोर २०२९ चं तीस दिवसांचं छोटं अधिवेशन. त्याचं स्वतःचं पहिलं बजेट मंजूर होणार २०३० मध्ये. म्हणजे चार वर्षांपैकी पहिलं दीड वर्ष तो दुसऱ्याच्या हिशेबावर राज्य चालवणार. ज्यांना लोकांनी बदल हवा म्हणून निवडलं त्यांचे हात सुरुवातीलाच बांधलेले. तारीख हलवायचीच असेल तर बजेटचं वर्षही हलवा. तो मजकूर जोडलेला असेल तर मी माझं मत बदलायला तयार आहे.

काही जण मधला मार्ग म्हणून मध्यावधी वर्ष, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या दोन निवडणुकांच्या मधलं सम वर्ष, सुचवतात. मी असल्या प्रस्तावांसाठी चौकटींचा कागद घेतो: वर डावीकडून उजवीकडे वर्षं, खाली पदं. २०३० चा रकाना भरून बघा. काउंटीचे सगळे अधिकारी दर चार वर्षांनी, १९९८ पासून मोजले तर २०३० येतं. सरकारी वकील आणि सर्किट कोर्ट क्लार्क दर सहा वर्षांनी, २००० पासून मोजले तर २०३०. सर्किट न्यायाधीश आठ वर्षांनी, २०२२ नंतर २०३०. प्रतिनिधिगृहाच्या १०० जागा, सिनेटच्या निम्म्या. त्यावर गव्हर्नर आणि सगळे राज्य अधिकारी. ती मतपत्रिका शेवटपर्यंत कोण वाचेल?

वर्ष बदलताना कोणाचा तरी कार्यकाळ एकदा वाढवावा किंवा कापावा लागतो, हेही टाळता येत नाही. १९९२ मध्ये त्याची किंमत उघड लिहिली होती: १९९३ मध्ये निवडून आलेल्या काउंटी अधिकाऱ्यांना चारऐवजी पाच वर्षं मिळाली, सरकारी वकिलांना सहाऐवजी सात. ते अजून निवडून यायचे होते, म्हणजे मतदारांनी १९९३ मध्ये जाणूनबुजून पाच वर्षांसाठी मत दिलं. आधीच पदावर असलेल्यांना वरचं वर्ष बहाल करणं ही वेगळी गोष्ट. आणीबाणीत ४२ व्या घटनादुरुस्तीनं लोकसभा आणि विधानसभांची मुदत सहा वर्षांवर नेली आणि ४४ व्या दुरुस्तीनं ती पुन्हा पाचवर आणावी लागली, हे ज्यांना आठवतं त्यांना या फरकाचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

शेवटी मतपत्रिका. केंटकीत घटनादुरुस्तीला दोन्ही सभागृहांत तीन-पंचमांश मतं लागतात, गव्हर्नरची सही लागत नाही, आणि एका वेळी चारपेक्षा जास्त दुरुस्त्या मतदारांपुढे ठेवता येत नाहीत. मत आता फक्त सम वर्षी होतं, जेव्हा प्रतिनिधिगृहाची निवडणूक असते. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं एक दुरुस्ती रद्द केली, कारण मतपत्रिकेवर मजकुराऐवजी अडतीस शब्दांचा प्रश्न छापला होता. तेव्हापासून पूर्ण मजकूर छापावा लागतो. मतदाराच्या दृष्टीनं हे उत्तम आहे, फक्त तो मजकूर घरी आधी वाचून जा. काउंटी क्लार्कच्या संकेतस्थळावर नमुना मतपत्रिका मिळते. सुरुवातीची गोड वाक्यं सोडून थेट शेवटाकडे जा, जिथे बदल कधीपासून आणि कोणाला लागू ते लिहिलेलं असतं. तिथे चार गोष्टी शोधा: आज पदावर असलेल्यांना जादा वर्ष मिळतं का, ते जादा वर्ष दोन टर्मच्या मर्यादेत कसं मोजायचं, रद्द झालेल्या पदाचं काम कोणाकडे जातं, आणि पहिली निवडणूक कोणती.

चौथी गोष्ट दुर्लक्षित राहते. केंटकीत पुढच्या वर्षीच्या प्रायमरीसाठी उमेदवारी अर्ज आदल्या नोव्हेंबरात, निवडणुकीच्या मंगळवारनंतरच्या बुधवारपासून घेतले जातात. गव्हर्नरच्या निवडणुकीच्या आदल्याच वर्षी, म्हणजे २०२६ किंवा २०३० मध्ये, अशी दुरुस्ती मतदारांपुढे आली तर मंगळवारी रात्री निकाल लागेल आणि बुधवारी सकाळी सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या खिडकीवर गव्हर्नरपदाचा अर्ज घेऊन कोणीतरी उभं असेल. तो अर्ज घ्यायचा की परत पाठवायचा, याचं उत्तर त्या मजकुरात लिहिलेलं असायला हवं.